शिट्टी कुणाच्या हातात?

(विटा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आताच इतकं नेटकं सांगितलं आहे की मी त्यात भर घालणं म्हणजे तुमचा वेळ खाणं. त्यांचं आयुष्य मुलांच्यात गेलं, म्हणून मीही विषय मुलांचा घेतला. निदान दिसायला तरी मुलांचा. खरं म्हणजे मी आज मोठ्यांविषयी बोलणार आहे. स्काऊट पथक चालवणारे स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन, त्यांच्या मागे उभे असलेले किंवा नसलेले मुख्याध्यापक, आणि दारात दुचाकी चालू ठेवून मुलाची वाट बघणारे पालक. या सगळ्यांनी पथकात काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही?

काहींनी मनात म्हटलं असेल, 'स्काऊट? हा काय व्याख्यानाचा विषय झाला?' विट्यात टेंभू योजनेच्या पाण्यावर व्याख्यान ठेवलं तर बाहेर मांडव घालावा लागतो, हे मला ठाऊक आहे. यंत्रमागाच्या वीजदरावर ठेवलं तरी घालावा लागेल. पण मंडळी, हे पाणी, हे माग, ही दुकानं उद्या ज्यांच्या हातात जायची, त्यांच्या हातात आज आपण काय देतो? बहुतेक वेळा काहीच नाही. अगदी स्काऊटच्या गणवेशातल्या मुलाच्या हातातसुद्धा नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

हा गणवेश आपल्याला कधी दिसतो? सव्वीस जानेवारीला, पंधरा ऑगस्टला, आणि मंत्री येणार असले की. पाहुण्यांना गुच्छ द्यायला दोन गाईड, दोन्ही बाजूंना लाठ्या धरून स्काऊटची रांग, पाहुणे दीड तास उशिरा, पोरं उन्हात. पुढे सर शिट्टी घेऊन उभे. शिट्टी वाजली की पोरं ताठ, पुन्हा वाजली की सैल. याला आपण स्काऊटिंग म्हणतो. मी याला स्वागत समिती म्हणतो, आणि तीही बिनपगारी.

आता पहिला मुद्दा. हे सगळं मुळात कसं होतं?

दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०० या काळात माफेकिंग नावाच्या गावाला बोअर सैन्याचा वेढा पडला होता. आत, पुढे स्काऊट चळवळ काढणारे बेडन-पॉवेल अडकलेले, शिपाई अपुरे. तेव्हा गावातल्या पोरांचं एक पथक उभं केलं. कल्पना बेडन-पॉवेल यांची नव्हे, त्यांच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याची; नाव मात्र साहेबाचं झालं. (ही प्रथा फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.) निरोप पोचवणं, टेहळणी करणं, इस्पितळात मदत करणं ही त्या पोरांची कामं. आणि या पथकाचा म्होरक्या कोण होता? वॉर्नर गुडइयर. वय वर्षं तेरा. म्हणजे आपल्याकडचा सातवी-आठवीतला मुलगा.

मग १९०७ साल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचं शिबिर भरलं. जगातलं पहिलं स्काऊट शिबिर ते हेच. वीस मुलांचे चार संघ, आणि प्रत्येक संघाचा नायक त्या मुलांतलाच एक. आता त्या वीस मुलांत होतं कोण? ईटन, हॅरो अशा बड्या शाळांत शिकणारी श्रीमंतांची पोरं होती, आणि बोर्नमथ-पूल भागातली कामकऱ्यांची पोरंही होती. एका तंबूत, एका ताटलीत. इंग्लंडसारख्या वर्गांच्या भिंती पाळणाऱ्या देशात ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे १९१४ मध्ये रोलंड फिलिप्स नावाच्या एका तरुणाने संघपद्धतीवर छोटं पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांनी सोमच्या लढाईत तो मारला गेला. सव्वीस वर्षांचा होता. पुस्तक मात्र जगभर गेलं. त्या पद्धतीचं मर्म दोन वाक्यांत सांगतो. पथकात बत्तीस मुलं असतील तर स्काऊटमास्तराने बत्तीस मुलांना शिकवत बसू नये. त्याने चार-पाच संघनायकांना शिकवावं, आणि बाकीच्यांना त्या नायकांनी. सहा ते आठ मुलांचा संघ एवढाच का? कारण तेरा-चौदा वर्षांचं पोर एवढीच मुलं सांभाळू शकतं. हिशेब मुलाच्या ताकदीचा आहे, सरांच्या सोयीचा नाही.

आपल्याकडे हे कसं आलं, तेही बघण्यासारखं आहे. १९०९ मध्ये बंगलोरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. हिंदी मुलाला दार बंद. कारण काय? सरकारला धास्ती होती की ज्या पोरांना नकाशा वाचता येतो, माग काढता येतो, रात्री रानात राहता येतं आणि वरून हुकूम न येता आपसात ठरवून काम करता येतं, ती पोरं उद्या सरकारलाच भारी पडतील. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला, ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी १९१६ मध्ये मद्रासेत, पंडित मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीतून. पुढे १९३७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी देशात संताप उसळला आणि आपल्या बऱ्याच पथकांनी वेगळी चूल मांडली. तेव्हा संस्थापकाची तसबीर लावताना हेही माहीत असू द्या. हार घालू नका असं म्हणत नाही. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संघटना झाली, पुढच्या वर्षी गाईडही त्यात आल्या.

मला या इतिहासातलं एकच टोचतं. ज्या गोष्टीची इंग्रजाला धास्ती वाटली, ती आपण हाती आल्यावर इतकी निरुपद्रवी करून टाकली की आज तिला कुणीही घाबरत नाही. कलेक्टर सोडाच, उशिरा येणारे पाहुणेसुद्धा घाबरत नाहीत!

दुसरा मुद्दा. तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं झालं. आपल्या मातीत पोरांवर एवढी भिस्त कुणी टाकली?

विट्यात उभा राहून हा प्रश्न विचारायचा? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील याच विट्यात राहायच्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. १९४३ मध्ये त्यांचं वय होतं सतरा. स्काऊटचं वय दहा ते सतरा धरतात, म्हणजे आजच्या हिशेबाने त्या अजून गाईडच्या गणवेशात असत्या. त्या वयात भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकोचं सोंग त्यांनी वठवलं. तो मार खोटा नव्हता, दिसायला खरा वाटावा म्हणून चांगलाच बसला. आरडाओरडा ऐकून पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या साथीदारांनी आतल्या बंदुका नेल्या. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड तरी काय वयाचे होते? विशीतले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली ती याच वयाच्या लोकांनी.

थांबा, पालक मंडळी अस्वस्थ झालेली दिसतात. पोरांना बंदुका पळवायला शिकवा, असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की ज्या मातीत सतराव्या वर्षी पोरीवर एवढी जोखीम टाकली गेली आणि तिने ती पेलली, त्याच मातीत आज सतरा वर्षांच्या मुलाला बँकेत एकटं पाठवायला आपण का घाबरतो? आणि हेही विसरू नका, की हौसाताईंना कुणी तयारीशिवाय पुढे ढकललं नव्हतं. कोण कुठे उभा राहणार, कोण कधी आत शिरणार, हे ठरलेलं होतं. जबाबदारी आणि तयारी एकत्र दिली होती.

इथून आटपाडीकडे जा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांचे सूर्यनमस्कार आपल्याला माहीत आहेत, त्यांच्या राज्यात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश माणसाची त्यामागे मोठी खटपट होती. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तिथे कुंपणाशिवाय ठेवलं, जमीन कसायला दिली, बायकामुलांना सोबत राहू दिलं. त्यावरून आटपाडीकडचेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा कैदी, एक जेलर. मी म्हणतो, खुनाच्या कैद्यावर आपल्या शेजारच्या संस्थानाने विश्वास टाकला, तो आपण आठवीतल्या पोरावर टाकू शकत नाही?

आणि तिसरं नाव तर सातारा जिल्ह्यात घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. (सांगलीकरांनी रागावू नये, १९४९ पर्यंत आपण सातारा जिल्ह्यातच होतो आणि १९६० पर्यंत आपलं नाव दक्षिण सातारा होतं.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि आपलं आपण रांधायला शिकली. ब्राउन्सीच्या तंबूत जे वर्गाचं झालं, ते साताऱ्याच्या पंगतीत जातीचं झालं. कर्मवीर स्काऊटमास्तर नव्हते, पण संघ कसा करायचा हे त्यांच्याकडून शिकावं. आज मी बघतो, संघ होतो तो एका गल्लीतल्या, एका क्लासच्या किंवा एका रिक्षातून येणाऱ्या मुलांचा. ही सोय झाली. संघ असा करा की त्यात मागावरच्या कामगाराचा मुलगा आणि सराफाचा मुलगा एकाच चुलीवर भाकरी थापतील.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. रोजच्या कारभाराचा.

पथक चालवताना शेकडो लहान प्रश्न येतात. संघनायक कोण? शिबिरात स्वयंपाक कोण करणार? पाऊस आला तर? एक मुलगा सगळ्यांना त्रास देतो, त्याचं काय करायचं? मोबाईल आणू द्यायचा का? मला विचाराल तर हे सगळे प्रश्न एकच आहेत: ही गोष्ट मोठ्यांनी हातात ठेवायची की मुलांच्या हातात द्यायची?

आपल्या भागात ही गोष्ट ज्यांना पक्की कळते ते लोक म्हणजे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले. विट्या-खानापूरचा मुलगा मिसरूड फुटायच्या आत केरळात, तामिळनाडूत, उत्तर प्रदेशात कुठल्याशा गावी गलाईच्या दुकानात जातो. भाषा येत नाही, ओळख नाही. चांगला मालक काय करतो? आधी त्याला दुकान झाडायला लावतो, कारण त्या झाडणीच्या धुळीतही सोनं असतं आणि ते जपायला पोराने शिकलं पाहिजे. मग भट्टी, मग मूस धरणं. हळूहळू हजारोंचा माल त्याच्या हाती सोपवतो. पण तेजाबाजवळ नव्या पोराला एकटं सोडत नाही. किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कशापासून लांब ठेवायचं, हे तिन्ही त्याला समजतं. हे तिन्ही समजलेला स्काऊटमास्तर मला द्या. बाकी त्याला गाठी आल्या नाहीत तरी चालेल, मुलं त्याला शिकवतील.

आपलं नेमकं उलटं झालंय. जे द्यायचं ते आपण घट्ट धरून ठेवलंय आणि जे धरायचं ते सैल सोडलंय.

द्यायचं काय? संघनायकाची निवड. ती आजही सर करतात, आणि बहुतेकदा वर्गाचा मॉनिटरच संघनायक होतो, कारण तो 'हुशार'. नाहीतर शिक्षकांचा मुलगा. संघातल्या मुलांना विचारा ना, रात्री तंबू पडला तर तुम्ही कुणाला हाक माराल? ते ज्याचं नाव घेतील तो नायक. आणि मग महिन्यातून एकदा सगळ्या नायकांची बैठक बसवा, तिला स्काऊटच्या भाषेत कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, आणि तिथे पुढच्या महिन्याचा कार्यक्रम त्यांना ठरवू द्या. तुम्ही खोलीत बसा, पण कोपऱ्यात. तुम्हाला न आवडणारा निर्णय झाला आणि त्यात धोका नसला, तर तो होऊ द्या. हे फार अवघड आहे. शिक्षकाला गप्प बसायची सवय नसते. ती सवय लावून घ्यायलाच खरं तर स्काऊटमास्तराचं प्रशिक्षण हवं.

दुसरं, स्वयंपाक. 'बिनभांड्याचा स्वयंपाक' हा आपल्या शिबिरांतला किती सुंदर प्रकार आहे! बटाटा निखाऱ्यात भाजायचा, काडीला कणीक गुंडाळून रोटी भाजायची. पण जिल्हा मेळाव्याला जाऊन बघा. परीक्षक यायच्या आधी सर फुंकर घालून घालून जाळ पेटवतात, मॅडम कणीक मळून देतात, आणि पोरं फोटोसाठी बसतात. मग पहिला नंबर येतो. कुणाचा? सरांचा! करपलेली रोटी खाऊ द्या हो पोरांना. एका करपलेल्या रोटीने कुणी आजारी पडत नाही. रात्री शेकोटीला पोरं पोटात कावळे ओरडत बसली, तर दुसऱ्या दिवशी जाळ आपोआप नीट पेटतो.

तिसरं, खरी कमाई. हे नाव ज्याने दिलं त्याला नमस्कार. कल्पना अशी की मुलाने आठवडाभर शेजारीपाजारी प्रामाणिक काम करायचं, कुणाची सायकल पुसायची, कुणाचं दळण आणायचं, कुणाच्या परसातलं गवत काढायचं, आणि मिळालेले पैसे पथकाला द्यायचे. आज खरी कमाई म्हणजे काय? शाळेच्या मैदानात वडापावचा बाजार. वडे आईने तळलेले, बेसन बाबांनी आणलेलं, टेबल शाळेचं, गिऱ्हाईक शिक्षक. मुलगा काय करतो? पैसे घेतो. ही खरी कमाई असेल तर खोटी कशाला म्हणायचं? पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या आठवड्यात स्वयंपाकघराला कुलूप लावा. मुलाला शेजारच्या आजोबांच्या विहिरीवरचा पालापाचोळा काढू दे. दहा रुपये मिळतील, पण त्याचे.

आणि चौथं, प्रमाणपत्र. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी शिडी आहे. शिडी चांगली आहे. पण पालक विचारतात, 'सर, सर्टिफिकेट कधी मिळणार?' मुलगा काय शिकला, हे कुणी विचारत नाही. मग परीक्षेच्या आधी चार दिवस एकाची लॉगबुक दहा जण उतरवून काढतात. त्यात एकच झाड, एकाच दिवशी, दहा जणांनी लावलेलं असतं! मी शाळांना सांगतो, दहा मुलांना राज्य पुरस्काराला बसवू नका, तीन बसवा, पण ती तीन मुलं रक्तस्राव थांबवू शकतात याची खात्री करा.

त्रास देणाऱ्या मुलाविषयी थोडक्यात. उठाबशा काढायला लावू नका, पथकातून काढू नका. त्याला सामानाचा जबाबदार करा. दोर, तंबूचे खुंटे, कंदील, हातोडा यांची यादी त्याच्या हाती द्या, आणि परत येताना एक खुंटा जरी कमी असला तरी सगळ्यांसमोर त्याला विचारा. शंभरातल्या नव्वदांना हे पुरतं. उरलेल्या दहांच्या घरी जा. तिथे बहुतेक वेळा उत्तर मिळतं. मोबाईलचं काय, हा प्रश्न मी नायकांच्या बैठकीवर सोडीन. मुलांनी स्वतः घातलेला नियम आपल्या नियमापेक्षा कडक निघतो.

हे झालं द्यायचं. आता धरायचं काय? कमी आहे, पण ते घट्ट धरायचं.

पाणी. दुष्काळी भागातल्या माणसाने पाण्याची भीती सांगावी, याची गंमत वाटेल. पण कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं आणि आपल्या खानापूर-आटपाडीच्या माळांवर आणलं, त्याला फार वर्षं झाली नाहीत. कालवे आले, शेततळी आली. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो; त्यावरून पाय घसरला तर वर यायला काही धरता येत नाही. आपल्या दोन पिढ्यांना पोहता येत नाही, कारण पोहायला पाणीच नव्हतं. मग सहलीला जाताना तेवढ्या पाण्याला काय होतंय, असं म्हणून चालेल? १९१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये लेझडाऊनजवळ स्काऊटची नाव उलटली आणि आठ स्काऊट बुडाले; शंभर वर्षांहून जास्त झाली तरी ते लोक विसरले नाहीत. पाण्याजवळ मोठा माणूस, पोहता येणारा, कपडे काढून तयार असलेला. इथे मुलांची बैठक नाही, मतदान नाही. इथे शिट्टी सरांच्याच हातात.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण या मंचावर बोललीच पाहिजे. मुलांच्या संघटनेत मुलांचा गैरफायदा घेणारी माणसं शिरतात. आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणू नका. अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेला २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. त्यानंतर दाखल झालेले लैंगिक शोषणाचे दावे किती होते? ब्याऐंशी हजारांहून जास्त! दशकानुदशकं मुलं बोलत नव्हती, आणि बोललेल्यांचं कुणी ऐकत नव्हतं. त्या संघटनेचा नियम आहे की मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमात दोन मोठी माणसं हवीत, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत नको. हा नियम आपणही आजपासून पाळू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत. गाईड असतील तिथे बाई माणूस हवीच. 'मॅडमना घरी अडचण आहे म्हणून मी एकटाच घेऊन गेलो' हे कारण चालणार नाही, माणूस कितीही चांगला असो. आणि आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण मिटवणारे मुख्याध्यापक हे ऐकत असतील, तर नीट ऐका.

तिसरं, पैसा. वर्गणी, नोंदणी फी, मेळाव्याचा खर्च, खरी कमाईची रक्कम. हिशेब मुलं लिहू देत, अवश्य लिहू देत, पण पैसा दोन मोठ्यांच्या सहीने, आणि हिशेब शाळेच्या फलकावर. बस, याहून जास्त सांगायला नको. संस्था कशा बुडतात हे सांगलीकराला मी काय सांगणार?

एवढं धरा, बाकी सोडा. आतापर्यंतचं माझं म्हणणं यात आलं.

शेवटचा मुद्दा. ही मोठी माणसं आणायची कुठून?

आज स्काऊटमास्तर कसा तयार होतो? मुख्याध्यापकांच्या आदेशाने. नवीन लागलेला, तक्रार न करणारा, बहुतेकदा खेळाचा किंवा चित्रकलेचा शिक्षक. त्याच्याकडे परीक्षा, निवडणुकीचं काम, शालेय पोषण आहाराची नोंद, आणि वर हे. तो सात दिवसांच्या बेसिक शिबिराला जातो, परत येतो, दोन वर्षं मन लावून काम करतो. मुलांना आता कुठे तंबू ठोकता यायला लागतो आणि बदलीची ऑर्डर येते. सर जातात. दोर, लाठ्या, स्कार्फ कपाटात जातात, आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

पथक एका माणसावर उभं केलं की त्याचं हेच होणार. म्हणून पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस हवा. आणि तो शिक्षकच असला पाहिजे, असं कुठे लिहिलंय? आपल्या भागात निवृत्त सैनिक आहेत. नकाशा, प्रथमोपचार, तळ टाकणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. फक्त त्यांना आधी सांगा की इथे परेड कमी आणि गप्पा जास्त असतात. अठरा पूर्ण झालेली, पथकातूनच बाहेर पडलेली मुलं-मुली आहेत. कॉलेजला विट्यातच शिकणारी मुलगी आठवड्याला दोन तास देऊ शकते, आणि लहान मुली कॅप्टन मॅडमपेक्षा तिचं जास्त ऐकतात. महिला बचत गटांतल्या बायका आहेत. शंभर जणांचा स्वयंपाक, हिशेब आणि भांडणं मिटवणं या तिन्ही गोष्टी त्यांना येतात. या सगळ्यांना आदेश काढता येत नाही, हीच त्यांची जमेची बाजू. त्यांना विचारावं लागतं, आणि विचारल्यावर जो येतो तो टिकतो.

आणि आणखी एक वर्ग आहे, ज्याचा विचार आपण करत नाही. उन्हाळ्यात लग्नं आणि जत्रा निघतात तेव्हा केरळपासून बिहारपर्यंतचे आपले गलाईवाले गावी येतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी अनोळखी गावात उतरून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली ही माणसं. परक्या भाषेत वाट कशी विचारायची, पहिल्या रात्री दुकानाच्या फळीवर झोप कशी लागते, पैसा कमरेला कसा बांधायचा, आजारी पडल्यावर काय करायचं, हे ती शेकोटीभोवती बसून सांगू लागली तर कुठलं हँडबुक त्यांच्यासमोर टिकेल? यंदा मे महिन्यात शिबिर घ्या, आणि त्यांच्यातल्या दोघांना बोलवा. दोघांनाच म्हणतो, कारण एकट्या माणसाला बोलवायचं नाही, असं मी मघाशीच सांगितलंय.